हरळीचा उन्हाळा : गोल्फच्या ग्रीनची मशागत

अठरा होलांच्या गोल्फ मैदानाला साधारण ६० हेक्टर जमीन लागते. पण खेळाचा निकाल जिथे लागतो ती जागा त्यात जेमतेम एक हेक्टर असते. प्रत्येक होलच्या शेवटी झेंडा रोवलेला जो गुळगुळीत हिरवा तुकडा दिसतो, तो ग्रीन. त्याचे क्षेत्रफळ सरासरी ५०० चौरस मीटर. इथले गवत जवळजवळ रोज कापले जाते आणि त्याची उंची अडीच ते सव्वातीन मिलिमीटर ठेवली जाते. ग्रीनकडे नेणाऱ्या फेअरवेवर ती सेंटिमीटरभर असते, कडेच्या रफमध्ये चार-सहा सेंटिमीटर. पाते जितके आखूड, तितकी अन्न तयार करायची जागा कमी. आणि वर अन्न कमी झाले की खाली मुळेही आखडतात. वर्षभर असा कोंडमारा सोसणाऱ्या गवताची खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. त्या दिवसांत त्याला फक्त जगवायचे की त्याच दिवसांत त्याची मोठी मशागत करून घ्यायची, हे ग्रीनवर कोणते गवत आहे यावर ठरते.

मैदानी गवतांचे दोन गट आहेत. बेंटग्रास, रायग्रास, ब्लूग्रास ही थंड हवेची गवते. १५ ते २४ अंश सेल्सियसमध्ये ती जोमात वाढतात. पारा तिशीच्या वर जाऊन तिथेच राहिला की त्यांचे गणित बिघडते. प्रकाशसंश्लेषणातून मिळणाऱ्या शर्करेपेक्षा श्वसनात खर्च होणारी शर्करा जास्त होते आणि गवत साठवणीतले अन्न खाऊ लागते. पहिला बळी मुळांचा जातो. वसंतात पंधरा सेंटिमीटर खोल गेलेली मुळे ऑगस्टपर्यंत दोन-तीन सेंटिमीटरवर येऊन थांबतात. वरून ग्रीन हिरवीगार दिसत असते, म्हणून खेळणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही. दिसतो तो एखाद्या उष्ण दुपारी अचानक पिवळा पडलेला पट्टा. दुसऱ्या गटातली उष्ण हवेची गवते २७ ते ३५ अंशांत सर्वांत वेगाने वाढतात. कार्बन पकडण्याची त्यांची पद्धतच वेगळी असल्यामुळे तीव्र उन्हात त्यांची शर्करा वाया जात नाही. ऊस, मका आणि ज्वारी याच पद्धतीची पिके आहेत.

या दुसऱ्या गटात गोल्फसाठी सर्वांत महत्त्वाचे गवत म्हणजे मराठी शेतकऱ्याच्या पुरत्या ओळखीची हरळी. गणपतीला वाहतात त्या दूर्वा याच. नांगराने तुकडे झाले तरी एकेका पेरातून ती पुन्हा फुटते, जमिनीखालून आणि जमिनीवरून अशी दोन्हीकडून पसरते, म्हणून शेतात ती नकोशी असते. मैदानाला नेमका हाच गुण हवा असतो. तुडवले, कापले, भोसकले तरी जे गवत दोन-तीन आठवड्यांत जागा भरून काढते, त्यासारखे खेळाचे गवत नाही. गोल्फच्या जगात तिला बर्म्युडा म्हणतात.

रानातली हरळी मात्र ग्रीनसाठी फार राठ. तिला मऊ केले ते अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातील टिफ्टन या गावच्या संशोधन केंद्राने. तिथे ग्लेन बर्टन या पैदासकाराने हरळीचा संकर दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवाल भागातील बारीक पात्याच्या भाऊबंद गवताशी केला. हरळीच्या पेशीत ३६ गुणसूत्रे, आफ्रिकी गवतात १८; संकरात आली २७. या विषम संख्येमुळे संकरित गवताला बी धरत नाही. ते लावायचे ते उसासारखे बेणे वापरूनच. १९५६ मध्ये टिफग्रीन, १९६० मध्ये फेअरवेसाठी टिफवे आणि १९६५ मध्ये टिफग्रीनमधूनच आपोआप झालेल्या बदलातून निवडलेले बुटके टिफड्वार्फ हे वाण बाहेर पडले. पुढच्या पिढीत चॅम्पियन, मिनीव्हर्दे, टिफईगल अशी अतिबुटकी वाणे आली. ती तीन मिलिमीटरच्या खाली कापली तरी दाट राहतात. बर्टन यांचे भारतावरचे ऋण याहून मोठे आहे. टिफ्टनमध्येच त्यांनी बाजरीची टिफ्ट २३ए ही नरवंध्य ओळ तयार केली, आणि तिच्यावरूनच लुधियानात १९६५ मध्ये एचबी-१ हे भारताचे पहिले संकरित बाजरीचे वाण उभे राहिले.

गवताची निवड चुकली तर काय होते, हे अटलांटाच्या ईस्ट लेक मैदानाने २००७ साली पाहिले. बॉबी जोन्स हा थोर खेळाडू याच मैदानावर खेळ शिकला, आणि व्यावसायिक दौऱ्यातील हंगामाची अखेरची टूर चॅम्पियनशिप इथेच होते. त्या वर्षी ऑगस्टमधल्या भीषण उन्हाने तिथल्या बेंटग्रासच्या ग्रीन पोळून निघाल्या, आणि स्पर्धा तोंडावर आलेली असताना त्या वाचवण्यासाठी धावपळ करावी लागली. दुसऱ्याच वर्षी, २००८ मध्ये, तिथे मिनीव्हर्दे हरळी लावली गेली. पाइनहर्स्टच्या क्रमांक दोनच्या मैदानानेही २०१४ ची यूएस ओपन स्पर्धा उरकताच बेंटग्रास काढून चॅम्पियन हरळी घेतली. अमेरिकेच्या दक्षिण भागात गेल्या दोन-तीन दशकांत असा बदल गावोगाव झाला आहे.

जिथे बेंटग्रासच ठेवायचे असते, तिथे उन्हाळा म्हणजे केवळ पथ्यपाण्याचा काळ. कापणीची उंची किंचित वाढवायची, एखाद्या दिवशी कापायचे टाळून फक्त रोलर फिरवायचा, खत अगदी हलक्या हाताने द्यायचे. दुपारी पात्यांवर एक-दोन मिनिटांची फवार मारली की बाष्पीभवनाने पाते काही अंशांनी थंड होते; हे पाणी मुळांसाठी नसते. झाडीत कोंडलेल्या ग्रीनशेजारी मोठे पंखे बसवतात. ऑगस्टा नॅशनलसारख्या धनिक मैदानावर ग्रीनच्या पोटातून निचऱ्याच्या नळ्यांवाटे हवा ओढणारी किंवा सोडणारी यंत्रणा असते. या दिवसांत बेंटग्रासवर खोल कापाकापी करणे म्हणजे आजाऱ्यावर शस्त्रक्रिया करणे. त्याची मोठी मशागत वसंतात किंवा हवा निवल्यावर होते.

हरळीचे सगळे उलट. अमेरिकेच्या दक्षिणेत जून, जुलै आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा हाच तिच्या मशागतीचा हंगाम. तिला जखम करायची ती भर उन्हात, कारण तेव्हाच ती सर्वांत वेगाने भरून येते.

ही जखम करावी लागते त्याचे कारण जमिनीच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये असते. हरळी जितक्या झपाट्याने वाढते तितक्याच झपाट्याने तिची जुनी खोडे, मुळे आणि पेरे मरत जातात. ती कुजायला वेळ लागतो. जिवंत पाती आणि माती यांच्यामध्ये तपकिरी, स्पंजासारखा थर साठतो. थोडा थर चेंडूचा आणि पावलांचा आघात झेलतो, म्हणून उपयोगी असतो. जास्त झाला की तो पाणी धरून ठेवतो, मुळे खाली जायचे सोडून त्यातच घुटमळतात, बुरशीला घर मिळते आणि कापणीचे यंत्र मऊ जागी रुतून गवत खरवडून काढते. वरून माणसे आणि यंत्रे सतत फिरत असल्याने माती दबते ती वेगळीच. शेतकरी ज्याला वापसा म्हणतो, म्हणजे मातीच्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही आहे अशी स्थिती, ती अशा ग्रीनमध्ये येतच नाही.

यावरचा मुख्य उपाय म्हणजे भोके पाडणे. काही दिवस आधी नत्राची मात्रा देऊन गवताला जोर आणतात. नंतर यंत्र फिरते; त्याचे पोकळ दात शिवणयंत्राच्या सुईसारखे खालीवर होत जमिनीतून मातीच्या कांड्या उपटून वर टाकतात. दात साधारण साडेबारा मिलिमीटर व्यासाचे, भोक आठ ते दहा सेंटिमीटर खोल, आणि दोन भोकांमध्ये पाच सेंटिमीटरचे अंतर. म्हणजे एका चौरस मीटरला ४००, आणि ५०० चौरस मीटरच्या एका ग्रीनला दोन लाख भोके. एवढे करूनही पृष्ठभागाचा केवळ पाच टक्के भाग उकरला जातो. वर्षाकाठी १५ ते २० टक्के भाग असा मोकळा व्हावा, अशी रूढ शिफारस आहे. त्यामुळे हरळीच्या ग्रीनवर हे काम उन्हाळ्यात तीनदा तरी येते.

बाहेर पडलेली एक कांडी हातात घेऊन मोडली की त्या ग्रीनची प्रकृती कळते. वरचा तपकिरी थर बोटाच्या पेराहून जाड असेल तर वाळू कमी पडली आहे. पांढरी मुळी कांडीच्या तळापर्यंत उतरली असेल तर उन्हाळ्याची चिंता नाही. ती वरच अडकून तपकिरी पडली असेल तर पाणी जास्त होत आहे. मधेच काळा पट्टा दिसला आणि नासक्या अंड्यासारखा वास आला, तर हवा पूर्ण संपली आहे आणि प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू तिथे गंधकाचे वायू सोडत आहेत. प्रयोगशाळेचा अहवाल उपयोगी असतोच, पण जाणता ग्रीनकीपर पाण्याचा नि वाळूचा निर्णय बहुधा या कांडीवरून घेतो.

कांड्या खोऱ्यांनी गोळा करून उचलल्या की भोकांत कोरडी वाळू भरतात. एका भोकात सुमारे दहा घनसेंटिमीटर वाळू मावते. दोन लाख भोकांचा हिशेब दोन घनमीटर होतो, म्हणजे तीन टनांहून जास्त, आणि तीही एका ग्रीनला. वाळू ब्रशने चहूबाजूंनी लोटत भोक काठोकाठ भरावे लागते. अर्धवट राहिलेले भोक नंतर खचते आणि ग्रीनवर देवीच्या व्रणांसारखे खळगे महिनोन्‌महिने राहतात. वाळूच्या जातीवर तडजोड चालत नाही. कण प्रामुख्याने पाव ते एक मिलिमीटरचे हवेत. बारीक भुकटी मिसळलेली वाळू भोकात गेली की तिथे निचऱ्याच्या जागी बूच बसते, आणि ती चूक नंतर निस्तरता येत नाही. गोल्फमध्ये गवतावर वाळू टाकण्याची प्रथा रुजवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील सेंट अँड्रूजचे ओल्ड टॉम मॉरिस यांना दिले जाते.

भोकांच्या मधल्या आठवड्यांत हलकी कामे चालू असतात. उभ्या पात्यांचे यंत्र गवताची आडवी धावती खोडे कापते. हे न केल्यास हरळी एका दिशेला लवते, आणि त्या लवाच्या बाजूने मारलेला चेंडू जोरात पळतो तर विरुद्ध बाजूने मारलेला अडखळतो. दर एक-दोन आठवड्यांनी वाळूचा अगदी विरळ शिडकावा देतात. दुसऱ्या दिवशी तो डोळ्यांना दिसूही नये. नत्र दर आठवड्याला थेंबाथेंबाने फवारतात, आणि त्याच्या जोडीला ट्रायनेक्सापॅक-इथाइल हे वाढ आवरणारे रसायन. त्याने पाते वर न वाढता गवत आडवे दाट होते.

खेळणाऱ्यांना हे सगळे आवडत नाही. ताज्या भोकांवरून चेंडू उड्या मारत जातो. ग्रीनचा वेग मोजायला स्टिम्पमीटर नावाची एक साधी पन्हळ वापरतात. १९३५ च्या ओकमाँटमधील यूएस ओपननंतर एडवर्ड स्टिम्पसन यांनी ती तयार केली, आणि अमेरिकी गोल्फ संघटनेने सुधारून १९७८ मध्ये मैदानांना वाटली. भोके पाडल्यावर हा वेग दोन-तीन आठवडे पडतो आणि तक्रारी येतात. तक्रारींना भिऊन किंवा हंगामातल्या उत्पन्नासाठी जे क्लब हे काम एक वर्ष पुढे ढकलतात, ते तो खर्च वाचवत नाहीत. दोन-तीन उन्हाळ्यांनी ग्रीन पुन्हा बांधण्याच्या रूपाने तो कितीतरी वाढून समोर येतो. खेळाच्या तारखा ठरवताना मशागतीच्या तारखा आधी लिहून मग स्पर्धा बसवणे, एवढे पथ्य पाळले तरी बरेच काही वाचते.

पाण्याची बाब नाजूक आहे. कडक उन्हात गवतातून आणि मातीतून दिवसाला पाच-सात मिलिमीटर पाणी उडून जाते. पाच मिलिमीटर धरले तरी एका ग्रीनला अडीच हजार लिटर, अठरा ग्रीनना ४५ हजार, आणि १२ हेक्टर फेअरवेला सहा लाख लिटर रोज. म्हणून गेलेले सगळे पाणी रोज भरून देण्याऐवजी पहाटे, थोडे खोल आणि दिवसाआड देणे श्रेयस्कर. मुळे पाण्यामागे खाली जातात. ग्रीनवरचे सगळे भाग सारखे सुकत नाहीत. वाळूच्या कणांवर सेंद्रिय मेणचट लेप चढला की काही ठिकाणी पाणी आत शिरतच नाही. वरून भिजलेली दिसणारी जागा दोन सेंटिमीटरखाली भुकटीसारखी कोरडी असते. तिथे भोसकून ओलावा मोजणारा काटा, ओलावा शिरवणारे द्रव्य आणि हातातली नळी हेच कामाला येते. फवाऱ्याने सगळी ग्रीन भिजवून एक कोरडा पट्टा वाचवणे हा उन्हाळ्यात सर्रास होणारा अपव्यय आहे.

पाण्याचा हिशेब ग्रीनच्या पोटातूनच सुरू होतो. अमेरिकी गोल्फ संघटनेने १९६० मध्ये सुचवलेल्या रचनेत तळाशी निचऱ्याच्या नळ्या, त्यावर दहा सेंटिमीटर खडी आणि त्यावर ३० सेंटिमीटर वाळूचा थर असतो. बारीक कणांतले पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. ते सीमेवर थबकते आणि मुळांना मिळते. मुसळधार पाऊस झाला की वजन वाढते आणि जादा पाणी खडीतून निघून जाते.

किडींपैकी एक मराठी मक्याच्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ मध्ये आली, पण अमेरिकेच्या दक्षिणेत ती दर उन्हाळ्यात फ्लोरिडा-टेक्साससारख्या उबदार भागांतून उत्तरेकडे पसरते आणि हरळीचे फेअरवे रातोरात करपल्यासारखे करते. तिचा माग काढायची रीत सोपी आहे: बादलीभर पाण्यात भांडी घासायचा थोडा साबण कालवून चौरस मीटरभर गवतावर ओतायचा. काही मिनिटांत अळ्या वर येतात आणि मोजता येतात. अळ्या लहान असतानाच संध्याकाळी फवारणी केली तर थोडक्यात भागते. वालुकामय जमिनीत मुळे कुरतडणारे सूत्रकृमी अधिक चिवट. त्यांच्यावर औषधापेक्षा मुळे खोल ठेवणे हीच मोठी राखण आहे.

फेअरवेवर उन्हाळ्याच्या तोंडाला आणखी एक स्थित्यंतर घडते. हिवाळ्यात हरळी सुप्त होऊन तपकिरी पडते, म्हणून बरीच मैदाने शरदात तिच्यावर रायग्रासचे बी टाकून हिरवाई ठेवतात. वसंतानंतर हे पाहुणे गवत वेळेवर जायला हवे. त्याच्या सावलीखाली हरळी उपाशी राहते. आणि तिला स्पर्धेविना वाढायला उन्हाळ्यात सुमारे १०० दिवस मिळावेत असे मानले जाते. म्हणून निवडक तणनाशकाने रायग्रास काढतात. ऑगस्टा नॅशनल मे अखेरीस बंद होते ते ऑक्टोबरपर्यंत उघडत नाही. एप्रिलमध्ये मास्टर्स स्पर्धेत दूरदर्शनवर दिसणारा तो हिरवा गालिचा शरदात पेरलेल्या रायग्रासचा असतो, आणि त्याच्याखालच्या हरळीला श्वास मिळतो तो या बंद उन्हाळ्यात.

गवतच बदलायचे असेल तर मे अखेर ते जून हा मुहूर्त. जुन्या ग्रीनचा उतार आणि निचरा चांगला असेल तर ती उखडत नाहीत. बेंटग्रास तणनाशकाने मारून पृष्ठभाग खरवडतात, त्यावर हरळीचे बेणे पसरतात, वाळूचा पातळ थर देऊन रोलरने दाबतात. पहिले पंधरा दिवस दिवसातून अनेकदा थोडेथोडे पाणी द्यावे लागते. एका दुपारची हयगय सगळे बेणे वाळवते. नंतर उंची कमी करत कापणी सुरू होते, आणि आठ ते दहा आठवड्यांत ग्रीनवर खेळता येते. कडेची जुनी हरळी आधीच मारलेली नसेल तर ती आत शिरते आणि ग्रीनवर वेगळ्या रंगाचे, वेगळ्या पोताचे ठिपके पडतात. रचना बिघडली असेल तर मात्र सगळे उकरावे लागते. ईस्ट लेकने २०२३ ची स्पर्धा संपताच अँड्र्यू ग्रीन या रचनाकाराच्या देखरेखीखाली तसे काम काढले आणि पुढच्या वर्षीच्या स्पर्धेला मैदान सिद्ध केले.

महाराष्ट्रात हरळीला अमेरिकेसारखी लांब थंडी सोसावी लागत नाही. तिची अडचण प्रकाशाची आहे. तिला दिवसभर ऊन हवे, आणि जून ते सप्टेंबर आकाश ढगाळ. तेव्हा तिची वाढ मंदावते आणि जखम भरायला वेळ लागतो. म्हणून भोके पाडणे, वाळू, बेणे ही जड कामे मार्च ते मेच्या कडक उन्हात आटोपून पहिल्या पावसाला पृष्ठभाग बंद झालेला असणे इथे सोयीचे. फेअरवेखालची काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. तिथे चर आणि वाळूखेरीज गत नाही. पण नेमक्या मार्च ते मे याच महिन्यांत पाणी सर्वांत दुर्मीळ असते. २०१६ च्या दुष्काळात मैदानांवर ओतल्या जाणाऱ्या पाण्यावरून वाद उच्च न्यायालयात गेला आणि त्या एप्रिलमध्ये न्यायालयाने महिनाअखेरीनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. तो क्रिकेटचा प्रश्न होता, पण गोल्फ मैदानाला लागणारे पाणी क्रिकेट मैदानाच्या अनेक पट असते. प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरणे, फेअरवे मे महिन्यात तपकिरी पडू देणे आणि ताजे पाणी केवळ ग्रीनपुरते राखणे हे इथे बंधनकारक मानले पाहिजे. हरळी त्याने मरत नाही. पहिल्या पावसाला ती पेरापेरातून फुटते. मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावर, जिथे विहिरी मचूळ असतात, तिथे पॅस्पालम हे खारे पाणी पचवणारे उष्ण हवेचे गवत अधिक सोयीचे. त्याची मशागतही हरळीसारखीच. फक्त नत्र कमी लागते आणि साठलेले क्षार अधूनमधून भरपूर पाण्याने धुऊन काढावे लागतात. किनाऱ्यावर हे काम पाऊस फुकटात करतो.